बटाट्यावरचा वहीम

गरोदर बाईनं काय खावं याबद्दल मत नसलेला माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. पपई नको, अननस नको, तीळ उष्ण, बाजरी उष्ण, ताक रात्रीचं नको. सांगणाऱ्याला कारण विचारलं तर तो थोडा दुखावतो, कारण ही यादी पटवून देण्यासाठी नसतेच. ती पुढे द्यायची असते. या यादीत बटाट्याची जागा मोठी चमत्कारिक आहे. त्याला कुणी ठामपणे वर्ज्य म्हणत नाही आणि ‘भरपूर खा’ असंही कुणी म्हणत नाही. उपासाला तो चालतो, मुलांच्या डब्यात चालतो, लग्नाच्या पंगतीत तर त्याच्यावाचून भागत नाही. घरातल्या सुनेला दिवस गेले की मात्र त्याच्याकडे सगळे जरा वाकड्या नजरेनं पाहू लागतात.

माझ्या भाचीच्या वेळी मी हे जवळून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात तिच्या पोटात काही म्हणजे काही ठरत नव्हतं. आमटीला फोडणी पडली की ती तोंडाला पदर लावून गॅलरीत जायची. ठरायची ती एकच गोष्ट, उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी. हिंग, मोहरी, कढीपत्ता, मिरची नावापुरती आणि वर लिंबू. दोन दिवस घरच्यांना बरं वाटलं, तिसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, बटाटा वातूळ, पोट धरेल. ऑफिसातल्या मैत्रिणीनं साखरेची भीती घातली. आणि कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला, की बटाट्यात विष असतं आणि त्यानं बाळाला व्यंग येतं. तिनं मला फोन लावला. “मावशी, तुझं माहेर बटाट्याचं. तूच सांग, खाऊ की सोडून देऊ?”

माहेर बटाट्याचं, हे खरं. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार पावसावर येणाऱ्या खरिपाच्या बटाट्यासाठी ओळखलं जातं. जून-जुलैत लागण, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. तिथे बटाट्याला कुणी विषारी म्हटलं तर लोक हसतील. पण त्याच लोकांच्या घरात हिरवा पडलेला बटाटा शिजताना मी कधी पाहिलेला नाही. रोपं वर आली की वरंब्याला मातीची भर देतात. भर कमी पडली तर कंद उघडा पडतो, त्याला ऊन लागतं आणि तेवढी बाजू हिरवी होते. काढलेला माल ढिगानं लावून वर पाचट किंवा गवत पसरतात, तेही उजेड लागू नये म्हणूनच. निवडायला बसलेल्या बाया हिरवा बटाटा न बोलता बाजूला टाकतात. का, असं विचारलं तर उत्तर एवढंच मिळायचं: “कडू लागतो.”

त्या कडूपणाचं नाव पुढे कळलं. बटाट्याचं झाड किडीपासून, बुरशीपासून स्वतःला राखण्यासाठी सोलॅनिन आणि चॅकोनिन नावाची द्रव्यं तयार करतं. ती साल, डोळे, कोंब आणि मार लागलेली जागा इथे जास्त साठतात. उजेड लागला की बटाट्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू होतात: हरितद्रव्य तयार होतं आणि ही द्रव्यंही वाढतात. हिरव्या रंगानं काही बिघडत नाही. त्याच्याबरोबर जे न दिसणारं वाढतं ते बाधतं. आपण घेतो त्या चांगल्या बटाट्यात या द्रव्यांचं प्रमाण किलोमागे साधारण 100 मिलिग्रॅमच्या आत असतं, आणि 200 मिलिग्रॅमच्या वर गेलेला बटाटा खाण्यालायक धरत नाहीत. 1979 मध्ये लंडनच्या लुईशम भागातल्या एका शाळेतली 78 मुलं दुपारच्या जेवणानंतर आजारी पडल्याची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीपासून पडून असलेला बटाट्याचा साठा सुट्टी संपल्यावर शिजवला गेला होता. उलट्या, जुलाब, ग्लानी. काही मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं. मुलं बरी झाली, पण जुना, कोंब फुटलेला बटाटा थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही हे पुन्हा एकदा नोंदलं गेलं. ही द्रव्यं उकळून जात नाहीत. बटाटा उकडला, कुकरला चार शिट्ट्या दिल्या म्हणून त्यातला कडूपणा मरत नाही.

म्हणजे त्या निरोपात कणभर खरं होतं. त्यावरचा उपाय मात्र पठारावरच्या बायांना माहीत होता तेवढाच आहे. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. आजच्या स्वयंपाकघरातल्या तारेच्या ट्रॉलीत त्यांच्यावर दिवसभर उजेड पडतो, म्हणून वर पोतं किंवा जाड कापड टाकावं. जरासा कोंब दिसला तर डोळ्यासकट खोल कोरून काढावा. बरेच कोंब आले असतील, बटाटा सुरकुतला असेल किंवा चांगलाच हिरवा पडला असेल, तर काटकसर बाजूला ठेवून तो टाकून द्यावा. गरोदरपणात साल काढलेली बरी. आणि शिजवलेला बटाटा जिभेला कडू लागला तर घास तिथेच थांबवावा. एवढं पाळलं की विषाची गोष्ट संपते.

व्यंगाची गोष्ट मात्र एवढ्यात संपत नाही. ती व्हॉट्सअ‍ॅपवर जन्मलेली नाही, तिला चांगला कुळवृत्तांत आहे. 1972 मध्ये जेम्स रेनविक या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञानं एक तर्क मांडला. पाठीचा कणा नीट न जुळलेली किंवा मेंदूच पुरता तयार न झालेली बाळं ब्रिटनमध्ये आणि विशेषतः आयर्लंडमध्ये फार जन्मत. ज्या भागात, ज्या वर्षी बटाट्यावर करपा जास्त, तिथे पुढे अशी बाळंही जास्त, असं त्याला आकड्यांत दिसलं. करपा पडलेल्या बटाट्यात तयार होणारं एखादं अज्ञात द्रव्य याच्या मुळाशी असावं आणि बायकांनी असे बटाटे टाळले तर ही व्यंगं बहुतांशी टळतील, असं त्याचं म्हणणं. तर्क अगदीच हवेतला नव्हता. आयर्लंडमध्ये 1845 पासून याच करप्यानं दुष्काळ पाडला होता आणि लाखो माणसं त्यात गेली होती. त्या मातीत बटाट्यावर आणखी एक पाप चढवणं कुणालाही अवघड गेलं नसेल. त्याच सुमारास मार्मोसेट जातीच्या माकडिणींना करपलेले बटाटे खाऊ घालून पाहिले, तेव्हा काही पिल्लांच्या कवटीत दोष दिसला. प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो दोष काही दिसला नाही.

पण तोवर तर्क वर्तमानपत्रांत गेला होता, आणि बायकांनी बटाटे सोडले होते. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टसारख्या शहरात बटाटा सोडणं म्हणजे काय, हे आपल्याला भाकरी सोडण्यावरून कळेल. नॉर्मन नेव्हिन या डॉक्टरनं तिथे याचा पडताळा घेतला. आधी असं एक मूल झालेल्या, म्हणजे एकदा तो घाव सोसलेल्या बायकांपैकी काहींनी पुढच्या गरोदरपणात बटाटा पूर्ण वर्ज्य केला. 1975 मध्ये निष्कर्ष आले. बटाट्याला न शिवलेल्या बायकांच्या पोटीही तसंच बाळ जन्माला आलं होतं. रेनविकचा तर्क तिथे कोसळला.

त्या बायकांचा विचार मनातून जात नाही. त्यांच्यापुढे शास्त्रज्ञाचा शब्द होता, रोजच्या ताटातली सवय होती, आणि एकदा हातून गेलेलं मूल होतं. त्यांनी सगळं पाळलं. पाळूनही पदरी तेच आलं तेव्हा, ‘आपल्याकडून कुठे राहून गेलं का?’ हा प्रश्न त्यांनी स्वतःला किती वेळा विचारला असेल! मनाईचा हा एक गुण आहे: ती खोटी ठरली तरी तिचा भार सांगणाऱ्यावर येत नाही, पाळणारीवर राहतो. पुराव्यानं विज्ञानाला आपला तर्क मागे घेता येतो आणि त्यानं तो घेतला, हे त्याचं मोठेपण. आपल्या घरगुती याद्यांना ती सोयही नसते.

खरं उत्तर अगदी वेगळ्या वाटेनं आलं, आणि ती वाट मुंबईतून जाते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होई. रक्तातल्या तांबड्या पेशी आकारानं मोठ्या पण संख्येनं अगदी कमी. लोह देऊन सुधारणा होत नसे आणि बाया बाळंतपणात दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्सचं काम चालू होतं. रोगजंतू सापडेनात, तेव्हा या बाया रोज काय खातात याच्या ती मागे लागली. खातेपित्या घरच्या बायकांत हा पंडुरोग क्वचित, आणि ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाहीच त्यांच्यात जास्त. तिनं यीस्टचा अर्क, म्हणजे विलायतेत पावाला लावून खातात ते स्वस्तातलं मार्माइट, आधी माकडांना आणि मग या बायांना देऊन पाहिलं. रक्त भराभर सुधारलं. 1931 मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अनोळखी घटकाला लोक काही वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तोच घटक 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि त्याला नाव मिळालं फॉलिक अ‍ॅसिड.

पण या घटकाचा बेलफास्टच्या प्रश्नाशी संबंध सिद्ध व्हायला पुढे अर्धं शतक गेलं. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांतल्या, आधी असं मूल झालेल्या बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल लागला: गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर ही व्यंगं पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटतं. रेनविकनं विचारलं होतं, या बायकांच्या खाण्यात काय जास्त आहे? विल्सनं विचारलं होतं, यांच्या खाण्यात काय कमी आहे? दोघांची नजर ताटावरच होती. एकाच्या हाती मनाई लागली, दुसरीच्या हाती गोळी. ती गोळी आज आपल्याकडच्या उपकेंद्रात फुकट मिळते.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की बाळाचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते, पुष्कळदा बाईला चाहूल लागते न लागते तोवर. तू फॉलिक अ‍ॅसिड लग्नानंतर डॉक्टरांनी सांगितल्यापासून घेतेस. तिसऱ्या महिन्यात बटाटा खाल्ल्यानं त्यात आता काही उलटंपालटं होणार नाही. बटाटा ताजा आण, साल काढ आणि पोटभर खा. ओकारीच्या दिवसांत पोटात ठरणारा, थोडं क जीवनसत्त्व आणि बरंच पोटॅशियम देणारा साधा पदार्थ मिळाला, हे तुझं नशीब.

वाताचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण सासूबाई जे पाहत होत्या ते खरं होतं. गरोदरपणात पोट फुगतं. शरीरात वाढलेल्या प्रोजेस्टेरॉननं आतडी मंदावतात, पुढे वाढता गर्भ त्यांना दाटीवाटीनं कोपऱ्यात सारतो. मग घास वरणभाताचा असो की बटाट्याचा, तो रेंगाळतोच. उकडलेला बटाटा त्यातला सौम्य. तोच बटाटा बेसनात बुडवून तेलात सोडला, वर तळलेली मिरची आणि लसणाची चटणी ठेवली आणि रात्री नऊला खाल्ला, तर मग छातीत जळजळ होणार. दोष वाटून घ्यायचा तर त्यात बेसन, तेल, मिरची आणि घड्याळ यांनाही वाटा द्यायला हवा.

साखरेची भीती या सगळ्यांत जास्त विचार करण्यासारखी आहे. भारतीय बायकांमध्ये गरोदरपणातला मधुमेह पुष्कळ आढळतो आणि बटाट्यातला पिठूळपणा रक्तात लवकर साखर होऊन उतरतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या पंधरा हजारांहून जास्त परिचारिकांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या आधी ज्या जास्त बटाटे खात, त्यांच्यात हा मधुमेह अधिक दिसला. आठवड्यातल्या दोन वेळच्या बटाट्याऐवजी इतर भाज्या, कडधान्यं किंवा अख्खी धान्यं खाल्ली तर धोका थोडा उतरेल असा त्यांचा हिशेब होता. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरी आपल्या ताटाकडे पाहिलं की त्यात तथ्य वाटतं. आपण बटाट्याला भाजी समजतो. दोन पोळ्या, त्याबरोबर बटाट्याची भाजी, नंतर भात, बाजूला पापड. चार पदार्थ झाले आणि चारही पिठूळ. डाळ पातळ, पालेभाजी आठवड्यातून एकदा, अंडं घरात चालत नाही. अशा ताटातून बटाटा उचलून घेतला तर ताट आणखी रिकामं होईल, बरं होणार नाही. त्यापेक्षा बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी, भाताला सुट्टी, आणि जोडीला मेथी, मुगाची उसळ, दही. बटाटा मेथीत किंवा वाटाण्यात मिसळला तर तो आपोआप निम्मा होतो. उकडून फ्रिजमध्ये गार केलेल्या बटाट्यातलं काही पीठ असं बदलतं की ते सावकाश पचतं, हाही एक छोटा फायदा. ओट्यावर रात्रभर राहिलेली भाजी मात्र या दिवसांत खाऊ नये.

आणि ज्यांना खरोखर साखरेची काळजी आहे त्यांनी बटाट्याऐवजी तपासणीबद्दल विचारावं. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं. आकडा 140 किंवा त्याच्यावर गेला तर पुढची काळजी. पहिल्या भेटीत एकदा, मग 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. भाचीला ‘बटाटा खाऊ नकोस’ म्हणणारी सात माणसं भेटली होती. ‘ती तपासणी झाली का?’ असं त्यांतल्या एकानंही विचारलं नव्हतं.

तळलेल्याबद्दल थोडं. खूप तापलेल्या तेलात बटाट्याचा रंग गडद होतो तेव्हा त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये ते दाखवून दिलं. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले की त्यांच्यात साखर वाढते आणि तळताना ते जास्त काळवंडतात. म्हणून कच्चे फ्रिजबाहेर ठेवावेत, काचऱ्या पाण्यात भिजवून मग परताव्यात, आणि सोनेरी झाल्या की उतरवाव्यात. वेफर्सचं पाकीट कधीतरी.

पण बटाट्यामुळे गरोदर बाईला सर्वांत मोठा धोका कुठे असेल, तर तो त्याच्या शेजारच्या पाण्यात. पाणीपुरीच्या पुरीत चेपलेला बटाटा निष्पाप असतो. माठातल्या पाण्याबद्दल तसं सांगता येत नाही. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेचं सांडपाण्यानं दूषित झालेलं पाणी शहराच्या नळांत गेलं आणि हजारो लोकांना कावीळ झाली. पुढे कळलं की ती हिपॅटायटिस ई. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत या विषाणूवर पुष्कळ काम झालं आहे. एरवी दोन ते सहा आठवड्यांत बरी होणारी ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत दर चार-पाच बायकांमागे एकीचा जीव घेते, अशा नोंदी आहेत. सातव्या महिन्यातल्या बाईनं पाणीपुरी खाऊ नये, हे मीही सांगेन. पण ते सांगताना मला जाणवतं की मीही यादीत एक मनाई वाढवतेय, कारण नळाचं पाणी शुद्ध करणं माझ्या हातात नाही आणि तिची जीभ आवरणं तिच्या हातात आहे.

पठारावर काढणीच्या दिवसांत पोटुश्या बायाही वाकून बटाटे वेचतात. दुपारी बांधावर भाकरीचं गाठोडं सोडतात, त्यात बटाट्याचं कालवण असतं आणि बहुतेकदा दुसरं काही नसतं. त्यांना बटाट्याची कुणी भीती घालत नाही, कारण त्यांच्या ताटातून काढून घेण्यासारखं काही उरलेलंच नाही. राज्यातल्या आदिवासी भागांत 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं: भाकरी-भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. योजना कुठे नीट चालते, कुठे रखडते. पण तिच्या मुळाशी प्रश्न विल्सचा आहे, रेनविकचा नाही.

हा प्रश्न घराघरांत मागे का पडतो, याचं कारण मला साधं वाटतं. ‘हे खाऊ नकोस’ म्हणायला काहीच पडत नाही. म्हणणारा काळजीवाहू ठरतो आणि हात हलवत घरी जातो. ‘तुला हे कमी पडतंय’ असं म्हटलं की ते आणून द्यावं लागतं.